शांतता समितीला प्रशिक्षण कोण देणार?

गणेशोत्सव किंवा एखादी जयंती जवळ आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते, हा आपल्याकडील जुना रिवाज आहे. मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, विहारातील कार्यकर्ते, आजी-माजी नगरसेवक आणि गावकीतील दोन-चार वजनदार माणसे यांना निमंत्रणे जातात. मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाची वेळ आणि बंदोबस्त यांविषयी सूचना होतात. आमच्या गावात सर्व जातिधर्मांचे लोक आजवर गुण्यागोविंदाने नांदत आले आहेत, हे वाक्य किमान तिघे तरी उच्चारतात. चहा होतो, सह्या होतात आणि पुढच्या सणापर्यंत समिती कागदावर निद्रिस्त राहते.

या बैठकींची थट्टा करण्याचा येथे हेतू नाही. ऐन वेळी दोन्ही बाजूंच्या माणसांचे दूरध्वनी क्रमांक पोलिसांजवळ असणे, हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे. परंतु एक प्रश्न विचारावयास हवा. समाजातील सर्वांत नाजूक काम आपण ज्यांच्यावर सोपवतो, त्यांना ते काम कसे करावे हे कोणी शिकवले आहे काय? वीजजोडणी करणाऱ्यास परवाना लागतो, बसचालकास परीक्षा द्यावी लागते, बालवाडीच्या शिक्षिकेसही प्रशिक्षण घ्यावे लागते. मात्र दुभंगलेल्या दोन समाजांना समोरासमोर बसवून बोलते करणाऱ्याला 'चार लोकांत वजन आहे' एवढी एकच पात्रता पुरेशी मानली जाते. हे वजन बहुतेक वेळा स्वतःच्याच लोकांत असते, आणि तंटा तर दुसऱ्यांशी असतो.

रहाटणीचे उदाहरण

रहाटणीसारख्या ठिकाणी हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. पवनेकाठच्या या एकेकाळच्या शेतकरी गावाच्या एका अंगास काळेवाडी आणि पिंपरी, दुसऱ्या अंगास पिंपळे सौदागर, आणि पलीकडे वाकड व हिंजवडी अशी आजची रचना आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि या टापूचे नशीब पालटले. १९७० साली नगरपालिका आली, १९८२ साली महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती सव्वासतरा लाखांवर गेली. दहा वर्षांत सात लाख माणसे ज्या शहरात वाढतात, तेथे शेजारी कोण आहे हे कळावयास सवडच मिळत नाही.

ज्यांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले ते मूळ गावकरी येथे आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथील कोरडवाहू गावांतून आलेले कामगार आहेत. उत्तर प्रदेश, बिहारकडील मजूर आहेत. फाळणीनंतर पिंपरीत वसलेली सिंधी कुटुंबे आहेत. संगणक क्षेत्रात काम करणारी, फाटकावर पहारेकरी असलेल्या गृहसंकुलांत राहणारी तरुण जोडपी आहेत, आणि त्याच संकुलांच्या भिंतीला लागून वस्त्या आहेत. ही सारी माणसे एकाच रस्त्याने जातात, एकाच दुकानातून दूध घेतात. पण एकमेकांच्या घरी जेवावयास किती जातात? सहवास वाढला म्हणून परिचय वाढतोच असे नाही. पुष्कळदा उलट घडते. दूर असताना ज्याच्याविषयी काहीच मत नव्हते, त्याच्याविषयी जवळ आल्यावर ठाम मत तयार होते.

कारखान्याच्या आतही हीच कथा आहे. एकाच साखळीवर कायम कामगार आणि कंत्राटी कामगार शेजारी शेजारी उभे असतात. काम जवळपास तेच. पगार, रजा, उपाहारगृहातील वागणूक आणि उद्याची खात्री मात्र निराळी. कंत्राटी कामगारांसंबंधीचा कायदा १९७० साली झाला, तरी ही दरी बुजलेली नाही. त्या दरीवर जेव्हा जात, प्रांत किंवा धर्म यांचा थर चढतो, तेव्हा साधा पाळीचा वादही भलत्या वाटेला जातो.

याची प्रचीती या पट्ट्याने घेतलेली आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी वढू बुद्रुक येथे गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळील फलकावरून तंटा झाला, आणि १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, कोरेगाव भीमा येथे हिंसाचार उसळला. ३ जानेवारीस राज्यभर बंद झाला. त्याच वर्षी ३० जुलैला मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी पुकारलेल्या बंदच्या वेळी चाकणमध्ये बसगाड्या जळाल्या. जून २०२० मध्ये रहाटणीला खेटून असलेल्या पिंपळे सौदागरातील एका दलित तरुणाची हत्या झाली आणि आंतरजातीय प्रेमसंबंध हे तिचे कारण सांगितले गेले. या घटना एकाच जातीच्या नव्हेत आणि त्यांची कारणेही एक नाहीत. दोष कोणाचा हे ठरविणे चौकशी आयोगाचे आणि न्यायालयांचे काम आहे; कोरेगाव भीमासाठी न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमलाही गेला. आपल्यापुढचा मुद्दा वेगळा आहे. प्रत्येक घटनेच्या आधी काही दिवस, काही महिने, कधी काही वर्षे कुजबुज चालू होती. ती ऐकणारे आणि दुसऱ्या बाजूपर्यंत सरळ शब्दांत पोचविणारे कोणी होते काय?

भिवंडीने काय केले

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले आहे. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे दंगल पेटली आणि तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग बसला. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. एका पिढीत दोनदा होरपळलेल्या या गावाचे नाव काढले की दंगलच आठवावी, अशी परिस्थिती होती.

१९८८ साली सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी जुन्या शांतता समितीचा सांगाडा बाजूला ठेवून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांची संख्या सुमारे ७० होती. या समित्यांची घडण पाहण्यासारखी आहे. त्यांत हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने घेतले. राजकीय पुढारी आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीचे लोक यांना दूर ठेवले. यंत्रमाग कामगार, दुकानदार, शिक्षक, स्त्रिया अशी ज्यांना दंगलीत गमवावे लागते आणि दंगलीतून काहीही मिळत नाही, अशी माणसे घेतली. समितीची जबाबदारी त्या भागातील पोलीस अधिकाऱ्यावर टाकली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या समित्या सणापुरत्या नव्हत्या. त्या नियमाने भरत. नळाचे पाणी, गटार, पोरांची भांडणे, भाडेकरूची कुरबूर असले रोजचे विषय त्यांच्यापुढे येत. रोजच्या विषयावर बोलावयाची सवय लागली की कठीण विषय निघाल्यावर जीभ अडत नाही, आणि समोरचा माणूस 'ते लोक' न राहता नावगाव असलेला माणूस होतो.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे घडले त्यात ९०० माणसे मेल्याचे श्रीकृष्ण आयोगाने नोंदविले. त्याच काळात, मुंबईपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे या अनुभवावर पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असे आहे. अमेरिकेतील अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही हिंदू-मुस्लिम संघर्षावरील आपल्या २००२ च्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली. ज्या शहरांत दोन्ही समाजांचे लोक संघटना, व्यवसाय, समित्या यांतून रोज एकत्र येतात तेथे अफवेला पाय फुटत नाहीत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे.

हा प्रयोग आदर्श म्हणून मिरविताना त्याची दुसरी बाजू लपविणे बरोबर नाही. समित्यांचा प्राण पोलीस अधिकाऱ्याच्या ठायी होता, आणि अधिकाऱ्याची बदली हा आपल्या प्रशासनाचा नियम आहे. अधिकारी बदलत गेले आणि समित्यांचा पूर्वीचा जोम टिकला नाही. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस यांच्यात संघर्ष होऊन माणसे मेली. त्यांत दोन पोलीस शिपाई होते. ज्या गावाने मुंबई जळताना स्वतःला वाचविले, त्याला चौदा वर्षांनी एका इमारतीचा वाद सोडविता आला नाही. बैठक कशी चालवावी, हे ज्ञान एका माणसाच्या हातोटीत राहिले तर ते त्याच्याबरोबर जाते. ते टिकवावयाचे असेल तर मोहल्ल्यातील माणसांनाच शिकवून तयार केले पाहिजे, आणि त्यांनी पुढच्यांना शिकविले पाहिजे. अन्यथा दर पिढीस पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

मुंबईत १९९४ साली मोहल्ला समिती चळवळ सुरू झाली. तीमध्ये ज्युलिओ रिबेरो, सतीश सहानी यांच्यासारखे पोलीस अधिकारी आणि सुशोभा बर्वे यांच्यासारख्या कार्यकर्त्या होत्या. पोलिसांच्या जोडीला नागरिकांनी या कामाचा भार उचलावा, ही तिच्यातील विशेष गोष्ट. पुण्याहून दोन-अडीच तासांवर, पाचगणीस, राजमोहन गांधी यांच्या पुढाकाराने १९६७-६८ च्या सुमारास 'एशिया प्लेटो' हे केंद्र उभे राहिले. एकमेकांविषयी मनात अढी असलेल्या माणसांना काही दिवस एकत्र ठेवून, ऐकावयास आणि स्वतःकडे पाहावयास लावणारी शिबिरे तेथे भरत आली आहेत. कारखान्यांतील कामगार आणि व्यवस्थापक यांची एकत्र शिबिरेही तेथे झाली. तेव्हा ही कल्पना परकी आहे, असे म्हणावयास जागा नाही.

वाद, वाटाघाट आणि संवाद

या औद्योगिक पट्ट्यातील लोकांना बोलणे नवे नाही. कामगार संघटनांनी येथे करारामागून करार केले. परंतु वाटाघाट निराळी आणि संवाद निराळा. वादात दुसऱ्याचे चुकते कोठे हे शोधावयाचे असते. वाटाघाटीत आपल्या पदरात किती पडते हे पाहावयाचे असते. संवादात दुसऱ्याला असे का वाटते, हे समजून घ्यावयाचे असते, आणि आपले त्याला समजले की नाही, याची खात्री करावयाची असते. पगारवाढ वाटाघाटीने मिळते. 'तुमच्या भागात आम्हाला खोली भाड्याने मिळत नाही' या वाक्यामागील सल वाटाघाटीने जात नाही.

असा संवाद घडविणाऱ्यास काय म्हणावे? शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत 'सुलभक' हा शब्द रूढ झाला आहे. आपण सोयीसाठी त्यास संवादक म्हणू. त्याचे काम न्यायाधीशाचे नव्हे, पुढाऱ्याचे नव्हे आणि उपदेशकाचे तर नव्हेच नव्हे. त्यास जे शिकावे लागते त्यात गूढ असे काही नाही, पण ते सरावावाचून येत नाही.

पहिली गोष्ट ऐकण्याची. समोरच्याचे म्हणणे संपल्यावर उत्तर देण्याआधी, ते त्याच्या समाधानाप्रमाणे पुन्हा सांगता आले पाहिजे. घरातल्या घरात हा प्रयोग करून पाहावा. वाटते तितका तो सोपा नाही. दुसरी गोष्ट प्रश्न विचारण्याची. 'तुम्ही लोक असे का वागता?' या प्रश्नाने माणूस ढाल उचलतो. 'तुमच्या बाबतीत असे कधी घडले, ते सांगाल का?' या प्रश्नाने तो अनुभव सांगतो. मतांवर भांडण होते, अनुभव ऐकून घ्यावा लागतो. तिसरी गोष्ट जागेची आणि मांडणीची. पोलीस ठाण्यात एक बाजू दबून बोलते, देवळाच्या सभामंडपात दुसरी. महापालिकेच्या शाळेचा वर्ग हा त्या मानाने कोणाचाच नसलेला आणि म्हणून सर्वांचा आहे. खुर्च्या वर्तुळात, दोन्ही बाजूंची संख्या सारखी, प्रत्येकास सारखा वेळ, आणि स्त्रियांना शेवटच्या पाच मिनिटांत नव्हे तर आरंभी बोलावयाची संधी, या बारीकसारीक वाटणाऱ्या गोष्टींवर पुढचे सारे अवलंबून असते.

चौथी गोष्ट स्वतःच्या मनाची. संवादकही कोणत्या ना कोणत्या जातीत, धर्मात, वस्तीत वाढलेला असतो. आपल्याला कोणाविषयी काय वाटते, हे त्याने आधी प्रामाणिकपणे तपासले पाहिजे. म्हणूनच अशा बैठकीला दोन संवादक असावेत, एक एका बाजूचा आणि एक दुसऱ्या बाजूचा, ही पद्धत पुष्कळ ठिकाणी स्वीकारली गेली आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात, योगायोगाने त्याच १९८८ साली, गोऱ्या-काळ्या विद्यार्थ्यांतील तणावाच्या पार्श्वभूमीवर असा एक अभ्यासक्रम सुरू झाला. तेथे विद्यार्थीच संवादक होतात, पण त्याआधी त्यांना रीतसर प्रशिक्षण घ्यावे लागते. संवादाच्या चार पायऱ्या तेथे मानल्या जातात: आधी ओळख व विश्वास, मग साम्य आणि भेद यांची चर्चा, त्यानंतर ज्वलंत विषय, आणि अखेरीस एकत्र काय करता येईल याचा विचार. आपल्या शांतता समित्यांत नेमकी पहिली आणि दुसरी पायरी गाळून तिसरीवर उडी मारली जाते, आणि तीही मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका गृहसंकुलाशेजारच्या वस्तीतून जयंतीची मिरवणूक निघते. संकुलातील रहिवासी ध्वनिक्षेपकाबद्दल तक्रार करतात. वस्तीतील तरुण म्हणतात, 'गणपतीत यांना आवाज होत नाही, आमच्याच वेळी होतो.' न शिकलेला मध्यस्थ लगेच डेसिबलचा आकडा आणि रात्री दहाची वेळ काढून बसतो, आणि दोन्ही बाजू चिडून उठतात. शिकलेला संवादक आधी दोघांना वेगवेगळे भेटतो. त्यास कळते की तरुणांचा राग आवाजाच्या मर्यादेवर नाही. संकुलात घरकाम करणाऱ्या आपल्या आईला वेगळ्या उद्वाहनाने जावे लागते, यावर आहे. त्यास हेही कळते की तक्रार करणाऱ्या कुटुंबात आजारी वृद्ध आहे, आणि वस्तीशी बोलावे कसे हे ठाऊक नसल्याने त्यांनी थेट पोलिसांना कळविले. आता एकत्र बैठक झाली तर ती डेसिबलची राहणार नाही. कदाचित आवाजाचा प्रश्न पाच मिनिटांत सुटेल आणि उद्वाहनाचा सुटावयास सहा महिने लागतील. पण ज्या प्रश्नावर बोलावयास हवे होते त्यावर बोलणे सुरू होईल.

न्यायावाचून संवाद नको

या विचारावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो डावलून पुढे जाता येणार नाही. एका बाजूस सत्ता, जमीन आणि संख्या आहे, दुसऱ्या बाजूस अपमान आहे; तेथे 'या, बोलू या' हे म्हणणे म्हणजे दुबळ्याने गप्प बसावे असे सुचविणे नव्हे काय? इतिहास या आक्षेपाच्या बाजूने आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला होता. तो कागदावरच राहिला. डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल हाती यावयास १९३७ साल उजाडले. सवर्णांचे मन वळण्याची वाट पाहत बसले असते तर पाणी मिळाले नसते.

हे मान्य करूनही दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली ही की संवाद हा हक्काला पर्याय नाही आणि गुन्ह्यावर पांघरूण तर मुळीच नाही. हत्या, मारहाण, अत्याचार, बहिष्कार यांची जागा पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात आहे. तेथे 'मिटवून घ्या' म्हणणारा संवादक नव्हे, तो दडपशाहीचा दलाल होय. १५ ऑगस्ट २००७ पासून आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिने बांधाचे, वाटणीचे पुष्कळ तंटे गावातच मिटविले, हे तिचे श्रेय आहे. परंतु किती तंटे मिटले या आकड्यावर गावाला गुण आणि पुरस्कार मिळू लागले की तडजोडीचा आग्रह वाढतो, आणि तो आग्रह सहसा दुबळ्या बाजूलाच केला जातो. संवादाचे यश मिटलेल्या तक्रारींच्या आकड्यात मोजू नये. कधी कधी संवादाचे यश हेच असते की जो आजवर तक्रार करावयास धजत नव्हता तो धजू लागला.

दुसरी गोष्ट ही की हक्क मिळाला तरी तो रोज उपभोगावयाचा असतो शेजाऱ्यांमध्ये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ठराव न्याय्य होता. पण तो मुंबईत झाला, आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत त्याची किंमत दलित वस्त्यांना जळून मोजावी लागली. गावोगाव जाऊन लोकांचा राग आणि भीती ऐकणारी, ठरावाचा अर्थ सांगणारी शिकविलेल्या माणसांची फळी सरकारजवळ नव्हती. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. याउलट डॉ. बाबा आढाव यांनी १९७२ च्या दुष्काळात 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढली, तेव्हा कार्यकर्ते गावात जाऊन पाणवठा कोणाला खुला आहे, कोणाला नाही, हे विचारीत आणि त्यावर गावाशी बोलत. हक्काचा आग्रह त्यांनी सोडला नाही आणि बोलणेही थांबविले नाही. या दोहोंची सांगड घालता येते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे.

काम कोणी आणि केव्हा करावे

उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांना एकत्र आणणारे कॉरिमीला हे केंद्र रे डेव्ही यांनी १९६५ साली काढले. तेथील हिंसाचार भडकला तो त्यानंतर तीन-चार वर्षांनी, आणि शांतता करार झाला एप्रिल १९९८ मध्ये. त्या केंद्राने हिंसाचार थांबविला असे म्हणता येत नाही. पण आग लागण्याआधी विहीर खोदलेली असल्यामुळे तीस वर्षे तेथे थोडेसे पाणी मिळत राहिले. रहाटणीसारख्या ठिकाणी हीच वेळ विहीर खोदण्याची आहे.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. पिंपरी-चिंचवडला १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, आणि महानगरपालिका लहान नाही. प्रत्येक प्रभागातून वीस-पंचवीस माणसे निवडावीत. निवड करताना कोणाच्या घरासमोर किती गाड्या उभ्या असतात हे न पाहता, कोणाच्या दारात अडचणीत असलेली माणसे आपणहून येतात हे पाहावे. बचतगटांतील स्त्रिया, कंत्राटी कामगार, रिक्षाचालक, गृहसंस्थांचे चिटणीस, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी यांना त्यांत जागा असावी. त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ याप्रमाणे सहा महिने शिकवावे. भाषणे कमी आणि सराव जास्त असावा. शिकून झाल्यावर त्यांनी महिन्यातून एक बैठक घ्यावी, मग विषय कचऱ्याचा असो की पाण्याचा. पोलीस त्या बैठकीस असावेत, पण अध्यक्ष नसावेत. म्हणजे एकाची बदली झाली तरी बैठक चालू राहील. पहिल्या तुकडीने दुसरी तुकडी शिकवावी. आणि अफवा आली तर ती कोठून आली, कोणी प्रत्यक्ष पाहिले, याची खातरजमा दोन्ही बाजूंच्या संवादकांनी मिळून करून एकाच शब्दांत दोन्हीकडे कळवावी. भ्रमणध्वनीवर खोटी बातमी एका मिनिटात पोचते. तिच्यामागे धावणारी खरी बातमी ओळखीच्या माणसाच्या तोंडून आली तरच तिच्यावर विश्वास बसतो.

हे काम पुढाऱ्यांचे नाही हे भिवंडीने दाखविले. मग ते कोणाचे? या पानाचे वाचक पुष्कळ अंशी शिक्षक आहेत, कारकून आहेत, विद्यार्थी आहेत. शिक्षकाच्या वर्गात गावकऱ्याचे, भाडेकरूचे, वस्तीतले आणि संकुलातले मूल एका बाकावर बसते. त्या चारही घरांची दारे त्यास उघडी असतात. कारकुनाच्या खिडकीसमोर सारे समाज एकाच रांगेत उभे राहतात, आणि कोणाचा अर्ज कोठे अडतो हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते. विद्यार्थ्याचे मित्र अजून जातीने वाटले गेलेले नसतात, निदान तसे व्हावयास थोडा अवधी असतो. या तिघांजवळ सत्ता नाही, हीच त्यांची मोठी पात्रता आहे. त्यांच्यापासून कोणास भीती वाटत नाही.

शांतता समितीची पुढची बैठक येईल तेव्हा तिला जावे, चहाही घ्यावा. मात्र मिरवणुकीचा मार्ग ठरला की उठून एक प्रश्न विचारावा: सण उरकल्यानंतरच्या महिन्यात आपण कोणत्या दिवशी भेटणार आहोत, आणि त्या बैठकीत बोलावयास आणि ऐकावयास आम्हांला कोण शिकविणार आहे? या प्रश्नाचे उत्तर एका बैठकीत मिळणार नाही. तो दर बैठकीत विचारीत राहिले पाहिजे.